आधी साखर की आधी दात?

मांजराचे दात काढावे लागतील असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि ते मांजर म्हातारं, त्यात मधुमेही असलं, की घरचे बहुधा म्हणतात, ‘आधी साखर आटोक्यात येऊ दे, मग बघू.’ काळजीपोटीच म्हणतात. पण साखर आटोक्यात न येण्याचं कारण त्या तोंडातच असू शकतं.

मांजराचा मधुमेह बहुतेकदा माणसाच्या टाइप 2 मधुमेहासारखा असतो: शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. हिरड्यांत जुना संसर्ग असला की सुजेमुळे तयार होणारी रसायनं रक्तात उतरतात आणि ही दाद आणखी कमी होते. मग डोस वाढवला तरी आकडे उतरत नाहीत. शिवाय चढलेल्या साखरेमुळे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. आदर्श आकड्यांची वाट पाहायची ठरवली तर ती संपायचीच नाही. रक्तात किंवा लघवीत कीटोन (साखर वापरता न आल्यानं शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारी आम्लं) आढळले, उलट्या होत असल्या, खाणं सुटलं असलं, तर मात्र थांबायलाच हवं. आधी ते सावरायचं.

वय हा स्वतः आजार नाही. पण वयासोबत येणारे आजार शोधावे लागतात. मूत्रपिंड, थायरॉइड, रक्तदाब, हृदय, सगळं भूल देण्याआधी तपासायचं. साखरेच्या एकाच आकड्यावर विसंबू नये. दवाखान्यात घाबरलेल्या निरोगी मांजराची साखरसुद्धा बरीच चढते. म्हणून घरी कानाच्या कडेला टोचून घेतलेल्या नोंदी फार मोलाच्या, आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामिन चाचणीही. मधुमेहासाठी ग्लिफ्लोझिन गटातलं औषध चालू असेल तर ते आवर्जून सांगावं: त्या औषधावर साखर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही कीटोन साचू शकतात, आणि उपास ते वाढवतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी अशा मांजराचा नंबर सकाळी पहिला लागावा, म्हणजे उरलेला दिवस साखरेवर नजर ठेवायला मिळतो. रात्रभर कडक उपास घडवण्याऐवजी हल्ली बरेच डॉक्टर काही तास आधी थोडं खाणं आणि इन्सुलिनचा साधारण अर्धा डोस सुचवतात. नेमकं किती आणि कधी, हे त्या मांजराच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण त्यामागचं कारण घरच्यांना कळलेलं असावं. भुलेखाली खरी भीती साखर उतरण्याची असते. जागं मांजर साखर उतरली की लडखडतं, थरथरतं, आपल्याला कळतं. झोपवलेल्या मांजरात यातलं काहीच दिसत नाही, आणि मेंदूला तर साखर सतत लागते. म्हणून दर अर्ध्या-एक तासाला रक्त तपासतात आणि गरज पडली तर सलाइनमधून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरच, देतात. त्या काही तासांपुरती साखर 200 mg/dLच्या आसपास राहिली तर डॉक्टर ते खुशीनं चालवून घेतात.

मांजराला 30 दात असतात आणि बराचसा बिघाड हिरडीखाली दडलेला असतो. दाताचं मूळ आतून विरघळत जाण्याचा आजार मांजरांत सर्रास दिसतो. तो एक्स-रेशिवाय पुरता कळत नाही. भूल न देता वरवर दात घासून काढण्यात म्हणूनच अर्थ नाही. तोंडाची सूज स्टिरॉइडनं दाबणं तर मधुमेही मांजराला महागातच पडतं, कारण स्टिरॉइड साखर चढवतं.

घरी आणल्यावर पहिला प्रश्न: खातंय का? मऊ, किंचित कोमट अन्न द्यावं. खाल्लं नाही तर नेहमीचा पूर्ण डोस आपल्या मनानं टोचू नये, आधी डॉक्टरांना विचारावं. दुखणं कमी व्हावं म्हणून माणसांचं पॅरासिटामॉल कधीही देऊ नये; मांजराचा त्यानं जीव जातो.

पुढचे काही आठवडे मात्र सर्वांत जास्त जपायला हवं. सूज ओसरली की शरीर इन्सुलिनला पुन्हा दाद देऊ लागतं, आणि कालपर्यंत अपुरा पडणारा डोस आज जास्त होऊ शकतो. काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंही. तोवर घरची तपासणी वाढवावी आणि आकडे डॉक्टरांना कळवत राहावं. मांजर अचानक ढिलं पडलं, तोल जाऊ लागला, तर खाऊ घालावं. गिळता येत नसेल तर हिरड्यांवर थोडा मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळून लगेच दवाखाना गाठावा. वाटेत ते सावरलं तरी परत फिरू नये: इन्सुलिनचा असर अजून उरलेला असतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.