दगडाखालच्या पाली ओळखताना

टॉर्चच्या उजेडात पालीने पापणी मिटली, तर तिची ओळख तिथेच निम्मी पटते. घरातल्या भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात. तिच्या डोळ्यावर पारदर्शक खवल्याचं कायमचं झाकण असतं. कात टाकताना ते झाकणही निघतं आणि नवं येतं. त्यावर धूळ बसली की पाल जीभ फिरवून ते स्वच्छ करते. त्यामुळे उघडझाप करणाऱ्या पापण्यांची पाल नाशिकच्या माळावर दिसली, तर ती बिबट्या पालींच्या कुळातली, हे तेवढ्यावरून ठरतं. आपल्याकडे आढळणाऱ्या जातीचं शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस फस्कस. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये तिचा वावर आहे.

ही पाल चांगली वीतभर वाढते. पिवळसर अंगावर गडद ठिपके, जाड शेपटी, आणि चालताना पोट जमिनीपासून वर उचललेलं. शेपटीत चरबी साठवलेली असते. खायला कमी मिळतं तेव्हा ती उपयोगी पडते. या पालीला बघून माणसं घाबरतात. ती अत्यंत विषारी असते, फुंकर मारली तरी माणूस मरतो, असं गावोगाव सांगितलं जातं, आणि काठ्यांनी तिचा जीव घेतला जातो. म्हणून स्पष्ट सांगतो: भारतातली कुठलीच पाल विषारी नाही, बिबट्या पालही नाही.

घोटाळा होतो तो पिल्लांच्या बाबतीत. बिबट्या पालीचं पिल्लू ठिपक्यांचं नसतं. काळपट अंगावर रुंद, फिके आडवे पट्टे घेऊनच ते अंड्यातून बाहेर येतं. वाढता वाढता पट्टे फुटतात आणि ठिपके तयार होतात. सह्याद्रीच्या ओल्या जंगलात पालापाचोळ्यात राहणारी आणखी एक पाल आहे, सिर्टोडॅक्टिलस डेक्कनेन्सिस. तांबूस-चॉकलेटी अंगावर पिवळसर बारीक आडव्या पट्ट्या, त्यांना काळी कड. हिला दख्खनी पट्टेरी पाल म्हणू या. तोंडापासून शेपटीच्या मुळापर्यंत जेमतेम सहा-सात सेंटिमीटर, म्हणजे आकाराने बिबट्या पालीच्या पिल्लाच्या आसपास. घाईत काढलेल्या, वरून घेतलेल्या फोटोत दोघींची सरमिसळ सहज होते. पण डोळा पाहिला की वाद उरत नाही. दख्खनी पट्टेरी पालीला पापण्या नाहीत आणि तिची बाहुली उभ्या चिरेसारखी असते. बाहुली बिबट्या पालीचीही उभीच असते, म्हणून नुसत्या बाहुलीवर जाऊ नये. पापणीची कड दिसते का, ते बघावं.

डोळ्यानंतर बोटं. जमिनीवरच्या पालींच्या ओळखीत मला बोटांचा पुरावा सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण प्राणी जगतो कसा हे त्यात दिसतं. भिंतीवर चढणाऱ्या पालीच्या बोटांखाली पसरट गाद्या असतात. गादीवर आडव्या पट्ट्या, त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे लाखो केस, आणि केसांची टोकंही पुन्हा फुटलेली. त्या टोकांच्या आणि भिंतीच्या रेणूंमधल्या आकर्षणावर पाल छताला उलटी लटकते. त्यात डिंक नाही आणि हवेने चिकटणंही नाही. जमिनीवर राहणाऱ्याला या यंत्रणेची फारशी गरज पडत नाही. सिर्टोडॅक्टिलसच्या, म्हणजे दख्खनी पट्टेरी पालीच्या गटातल्या पालींच्या, बोटांना गाद्या नसतातच. बोटं बारीक, सांध्यापाशी वाकलेली आणि टोकाला नखं. बिबट्या पालीचंही तसंच. या दोघी गुळगुळीत काचेवर चढू शकत नाहीत.

मधला गट मात्र फार रंजक आहे. हेमिडॅक्टिलस ही आपल्या घरातल्या पालींची प्रजाती, म्हणजे जवळच्या अनेक जातींचा गट. बोटांखाली दोन ओळींत विभागलेल्या गाद्या आणि गादीच्या वर मोकळं उचललेलं बोटाचं नखवालं टोक, ही तिची खूण. याच प्रजातीतली एक शाखा भारतीय उपखंडात जमिनीवर उतरली आणि तिच्या गाद्या आक्रसत गेल्या. त्या शाखेतली हेमिडॅक्टिलस ग्रासिलिस ही सडपातळ, लहानखुरी पाल ब्लॅनफोर्ड यांनी 1870 साली वऱ्हाड आणि रायपूरकडच्या नमुन्यांवरून वर्णिली. कोकणातल्या सड्यांवर जांभ्या दगडांखाली राहणारी अल्बोफॅसिएटस 1963 साली रत्नागिरीहून नोंदली गेली. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरची, तिथल्याच नावाने ओळखली जाणारी साताराएन्सिस तर 2008 मधली.

त्याच 2008 साली या शाखेत एक अनपेक्षित भर पडली. सिंध प्रांतात जाड, गाजरासारख्या शेपटीची आणि अंगावर एकावर एक चढलेल्या खवल्यांची एक पाल आढळते. ती इतकी वेगळी दिसते की शंभराहून अधिक वर्षं तिच्यासाठी टेराटोलेपिस ही स्वतंत्र प्रजाती मानली जात होती. डीएनए तपासल्यावर ती हेमिडॅक्टिलसच्या याच जमिनीवरच्या शाखेतली निघाली. तिचं जुनं नाव नव्या प्रजातीत आधीच वापरलेलं होतं, म्हणून तिला इम्ब्रिकेटस हे नाव मिळालं. रूप एवढं बदलू शकतं, हे कळल्यावर नुसत्या दिसण्यावर किती विसंबायचं याचा विचार करावा लागतो.

रंग तर सर्वांत कमी भरवशाचा. एकच पाल दिवसा दगडाखाली गडद आणि रात्री बाहेर पडल्यावर फिकट दिसते. कात टाकायच्या आधी तिच्यावर दुधट झाक येते. तुटून पुन्हा आलेली शेपटी आणखी फसवते. पालीची मूळ शेपटी मणक्यांमध्ये ठरलेल्या जागी तुटते. नव्या शेपटीत मणके येत नाहीत, कूर्चेची सलग कांडी येते. वरचे खवले बारीक आणि एकसारखे असतात, मूळची नक्षी परत येत नाही. म्हणून शेपटीचं वर्णन करायच्या आधी ती मूळची आहे का, हे बघायला हवं. बुंध्याजवळ रंग आणि पोत एकदम बदललेला दिसला, तर शेपटीवरून काहीही ठरवू नये.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. पालींच्या अभ्यासाला नाशिकसारखा जिल्हा मिळणं हे भाग्य आहे. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि सिन्नर-येवल्याकडे पाच-सहाशेच्या आसपास. एकाच दिवसात माणूस शेवाळलेल्या कातळापासून बाभळीच्या माळापर्यंत पोहोचतो. पाल सापडली ते ठिकाण म्हणूनच ओळखीचा भाग ठरतं. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरसूल या पट्ट्यात झाडीखालच्या पाचोळ्यात आडव्या पट्ट्यांची, गाद्या नसलेल्या बोटांची पाल दिसली, तर दख्खनी पट्टेरी पालीचा विचार आधी करावा. पूर्वेकडच्या उघड्या माळावर, मुरमाड जमिनीतल्या सुट्या दगडाखाली तपकिरी अंगावर जोडीजोडीने गडद डाग असलेली पाल मिळाली, तर तिची भावंडं आठवावीत.

त्या भावंडांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. डागांच्या या पालींना पश्चिम भारतात बरीच वर्षं सिर्टोडॅक्टिलस कोलेगॅलेन्सिस म्हटलं जायचं. ते नाव बेडोम यांनी 1870 साली दक्षिण कर्नाटकातल्या कोळ्ळेगाल भागातल्या पालीला दिलेलं. इथल्या पालींचे खवले, मापं आणि डीएनए ताडून पाहिल्यावर त्या निराळ्या निघाल्या. 2016 साली त्यांना सिर्टोडॅक्टिलस वरदगिरी हे नाव मिळालं. सरीसृप अभ्यासक वरद गिरी यांचा तो सन्मान होता, आणि महाराष्ट्रातल्या पालींवर त्यांनी केलेलं काम पाहता तो अगदी योग्य आहे.

नाशिकच्या हद्दीलगतचं दुसरं उदाहरण सुरगाण्याच्या पलीकडचं. दगडांच्या कपारीत, बांधांवर आणि रात्री जमिनीवर फिरणाऱ्या, पाठीवर खरबरीत उंचवटे असलेल्या ठिपकेदार पालींना आपल्याकडे सरसकट हेमिडॅक्टिलस ब्रुकी म्हटलं जायचं. ते नाव मुळात बोर्निओतलं. पण एफ. ग्लॅडो यांनी डांगमधल्या अशाच पालीला 1887 साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हेमिडॅक्टिलस मरेई असं नाव दिलं होतं. पुढे ते ब्रुकीच्या नावाखाली झाकलं गेलं. अलीकडच्या डीएनए अभ्यासांनी ब्रुकी म्हणजे अनेक जातींचा समूह असल्याचं दाखवलं आणि मरेई पुन्हा वापरात आलं. जुन्या पुस्तकात ब्रुकी वाचलं की म्हणूनच थांबून विचार करावा. या पाली सिर्टोडॅक्टिलसपासून वेगळ्या करायला बोटं पुरतात: इथे गाद्या स्पष्ट दिसतात.

बारकाव्याने जात ठरवणारे अभ्यासक आणखी एक जागा बघतात: नराच्या मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूची आणि गुदद्वारापुढची छिद्रं. त्यातून मेणासारखा स्राव येतो. हेमिडॅक्टिलसमध्ये त्या छिद्रांची संख्या आणि मांडणी जातीगणिक बदलते. आपल्याकडच्या जमिनीवरच्या सिर्टोडॅक्टिलसमध्ये मात्र ती नसतातच. छिद्रं नाहीत, गाद्या नाहीत, पापण्याही नाहीत, एवढं एकत्र जुळलं तर गट पक्का होतो.

हे सगळं पाहायला पाल पकडायची गरज नाही. पकडताना शेपटी तुटते आणि महिनोन्महिने साठवलेली चरबी वाया जाते. पहिल्या पावसानंतरच्या रात्री टॉर्च आणि साधा कॅमेरा पुरतो. एक फोटो वरून, पूर्ण शेपटीसह. एक बाजूने, डोळा नीट दिसेल असा. एक पंजाचा, शक्य तितक्या जवळून. शेजारी नाणं ठेवलं तर आकार कळतो. सोबत तारीख, वेळ, जमीन कसली आणि पाल कशाखाली होती, हे लिहून ठेवावं. आयनॅचुरलिस्टसारख्या संकेतस्थळावर टाकताना बिबट्या पालीचं नेमकं ठिकाण मात्र लपवावं, कारण ती धरून विकणारे लोकही असे फोटो बघतात.

दगड उलटायचा असेल तर स्वतःकडे उचलावा, म्हणजे दगड आपल्या आणि खालच्या प्राण्याच्या मध्ये राहतो. हात खाली घालू नये. सिन्नर-येवल्याच्या माळावर ज्या दगडाखाली पाल असते, त्याच दगडाखाली फुरसंही असतं. बघून झाल्यावर पालीला बाजूला होऊ द्यावं आणि दगड आधी होता तसाच, त्याच खळग्यात बसवावा. उलटा पडलेला दगड खालची ओल गमावतो, आणि त्या ओलीतच पालीची दोन-दोन अंडी असतात: बिबट्या पालीची मऊ, कातडीसारख्या कवचाची, बाकीच्यांची टणक आणि पांढरी.