नागपूर : शहर ओलांडण्याचा सार्वजनिक प्रवास

नागपूर शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात महानगरपालिकेची बस, मेट्रो आणि शेअर ऑटो यांच्या आधारे होणारा रोजचा प्रवास. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या २४ लाखांहून थोडी अधिक होती. शहर मध्यभागापासून चहूकडे पसरत गेल्यामुळे त्याच्या कोणत्याही दोन टोकांमधील अंतर फार मोठे नाही. तरीही पूर्वेकडील माणसाला पश्चिमेकडे जाताना बराच वेळ लागतो आणि बहुतेक वेळा वाहन बदलावे लागते. या अडचणीचे मूळ रेल्वेच्या रुळांमध्ये आहे.

मुंबईसारखे बंदराचे शहर समुद्राने चिंचोळे केले, त्यामुळे तेथील लोकलगाड्या शहराच्या लांबीला धरून धावतात आणि बहुसंख्य प्रवासी त्याच दिशेने ये-जा करतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपुरात रेल्वे १८६७ मध्ये आली आणि पुढे हावडा–मुंबई व दिल्ली–चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग येथे एकमेकांना छेदू लागले. देशभरातील गाड्यांसाठी सोयीचे झालेले हे ठिकाण शहरवासीयांसाठी मात्र विभाजक रेषा ठरले. रुळांच्या पूर्वेला महाल, इतवारी, गांधीबाग ही जुनी वस्ती व घाऊक बाजारपेठ, तर पश्चिमेला सिव्हिल लाइन्समधील सरकारी कार्यालये, सीताबर्डी आणि धरमपेठ. एका बाजूला दुकान आणि दुसऱ्या बाजूला कचेरी किंवा महाविद्यालय अशी असंख्य कुटुंबांची विभागणी असल्याने लोहा पूल, रामझुला, अजनीचा पूल यांसारख्या मोजक्या वाटांवर सगळा भार येतो. सकाळी दहाच्या सुमारास लोहा पुलाखालून जाणाऱ्या बसमध्ये उभे राहिले की शहर रुंद असून वाट अरुंद आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या प्रवासाचा गाभा म्हणजे सीताबर्डी, नागपूरकरांच्या बोलण्यातील ‘बर्डी’. १८१७ मध्ये भोसले आणि इंग्रज यांची लढाई जेथे झाली त्या टेकडीच्या पायथ्याशी आज शहराची मुख्य बाजारपेठ आणि वाहतुकीचे केंद्र आहे. महानगरपालिकेच्या ‘आपली बस’ सेवेच्या अनेक फेऱ्या येथील मोरभवन स्थानकावरून सुटतात. नागपुरात ‘कुठे जाता?’ या ऑटोचालकाच्या प्रश्नाला ‘बर्डी’ हे उत्तर पुरेसे असते. पुढचे ठिकाण कोणतेही असले, तरी गाडी बहुधा तेथेच बदलायची असते. ही सवय बसच्या मार्गरचनेतून घडली आणि मेट्रोनेही तीच रचना स्वीकारली.

मेट्रोच्या कामाची पायाभरणी २१ ऑगस्ट २०१४ रोजी झाली. मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी आणि जानेवारी २०२० मध्ये लोकमान्य नगर ते सीताबर्डी हे भाग सुरू झाले. डिसेंबर २०२२ मध्ये उर्वरित भाग खुले होऊन सुमारे ३८ किलोमीटरचा पहिला टप्पा पूर्ण झाला. ऑरेंज मार्ग ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत उत्तर–दक्षिण, तर अॅक्वा मार्ग प्रजापती नगरापासून लोकमान्य नगरापर्यंत पूर्व–पश्चिम जातो. हे दोन मार्ग सीताबर्डी स्थानकात वेगवेगळ्या पातळ्यांवर एकमेकांना छेदतात. प्रवाशाने एका फलाटावर उतरून जिन्याने किंवा लिफ्टने दुसरी पातळी गाठायची, एवढ्यात दिशा बदलते. पूर्वी याच कामासाठी भर उन्हात रस्ता ओलांडून दुसऱ्या थांब्यावर उभे राहावे लागे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या या शहरात सावलीतून सावलीत होणारा हा बदल फार मोलाचा आहे.

रूळ ओलांडण्याचे खरे काम मेट्रोने दोन ठिकाणी केले आहे. अॅक्वा मार्ग सीताबर्डीहून कॉटन मार्केटकडे जाताना आनंद टॉकीजजवळ रेल्वेवरून जातो. गड्डीगोदाम येथील रचना तर थांबून पाहण्यासारखी आहे. तेथे सर्वांत खाली जुना रस्ता, त्यावर रेल्वे, त्याच्या वर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो अशी चार पातळ्यांवर वाहतूक चालते. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून मालगाडी जाते, त्याच वेळी तिच्याही वरून उड्डाणपुलावरची वाहने सरकतात, आणि सर्वांत वरची मेट्रो पाहण्यासाठी मान पूर्ण मागे न्यावी लागते. वर्धा मार्गावरील ३.१४ किलोमीटरच्या दुमजली (खालच्या मजल्यावर वाहने, वरच्यावर मेट्रो) मार्गाची गिनीज बुकात नोंद झाली. कामठी मार्गावरील असाच दुमजली उड्डाणपूल ऑक्टोबर २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला.

मात्र अॅक्वा मार्ग सेंट्रल अॅव्हेन्यूच्या कडेने जातो, जुन्या शहराच्या पोटातून जात नाही. अग्रसेन चौक किंवा चितार ओळी स्थानकात उतरलेल्या प्रवाशाला महालात किंवा इतवारीच्या आतल्या ओळींमध्ये जायचे असल्यास पुढे पायी, ई-रिक्षाने किंवा शेअर ऑटोनेच जावे लागते. कापडाचे गठ्ठे घेऊन निघालेल्या किरकोळ दुकानदाराला हा शेवटचा टप्पाच सर्वांत जड जातो. म्हणून मेट्रो झाल्यावरही शेअर ऑटोचे महत्त्व कमी झाले नाही. मेट्रोच्या डब्यात सायकल नेण्याची मुभा हा यावरचा चांगला उपाय असला, तरी गल्लीबोळांतील बाजारपेठेसाठी छोट्या बसच्या नियमित फेऱ्या अधिक उपयोगी पडतील, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वर्षातील काही दिवस हा प्रवास पूर्णपणे बदलतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी व काळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा इतवारी–महाल भागातील रस्ते वाहनांसाठी जवळजवळ बंद होतात. हिवाळी अधिवेशनाच्या काळात विधानभवनाच्या परिसरातील वाहतूक वळवली जाते. अशोक विजयादशमीला आणि १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखो अनुयायांसाठी ज्यादा गाड्या सोडल्या जातात, तरीही रेल्वे स्थानकापासून दीक्षाभूमीपर्यंतचे अंतर बहुसंख्य लोक चालतच पार करतात.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुमारे ४३.८ किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. त्यानुसार चारही टोकांपासून मार्ग पुढे कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि ट्रान्सपोर्ट नगराकडे वाढतील. महाल आणि इतवारीच्या आतील भागात जाणारा मार्ग या टप्प्यात नाही.