देवकुंड आणि भिरा : एकाच कड्यावरून उतरणाऱ्या पाण्याची पार्श्वभूमी

पावसाळ्यात पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी या रस्त्याने भिऱ्याकडे निघालेल्या बहुतेकांना देवकुंड गाठायचे असते. हा धबधबा रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील पाटणूसजवळ, दाट रानात आहे. भिऱ्याच्या जलाशयाच्या काठाने निघालेली पायवाट ओढे ओलांडत तेथे पोहोचते. या वाटेवर दिसणाऱ्या जलाशयाचा आणि वीजकेंद्राचा पुण्याशी जुना संबंध आहे. तो ठाऊक नसेल, तर देवकुंडाची ओळख अपुरी राहते, असे माझे मत आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचत गेले आणि त्यांतून दख्खनचा काळा कातळ घडला. या थरांचा टणकपणा सारखा नाही. घट्ट बेसाल्टच्या खाली अनेक ठिकाणी सच्छिद्र, लवकर झिजणारा थर असतो. पाणी तो आधी पोखरते, वरच्या कातळाचा आधार सुटतो आणि तो तुटून पडतो. त्यामुळे सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला पाणी उतारावरून घरंगळत न जाता सरळ खाली कोसळते आणि कडा युगानुयुगे पूर्वेकडे मागे सरकत राहतो. ताम्हिणीतील प्लस व्हॅली हे या झिजेचे ठळक उदाहरण आहे. एकमेकींना छेदणाऱ्या दऱ्यांच्या तळाशी घोटीव कातळ, भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी कोरलेले रांजणखळगे आणि एकामागून एक डोह आहेत. हेच पाणी पुढे देवकुंडात पडते आणि कुंडलिका नदीतून रोह्यावरून रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते.

घाटमाथ्याच्या पूर्वेला पडलेल्या पावसाची वाट मात्र निराळी होती. ते पाणी मुळेत जाई, पुण्यात मुठेला भेटे आणि भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागरापर्यंतचा लांबचा प्रवास करी. विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांच्या वीज योजनांनी घाटाची उंची हेरली. खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. त्यानंतर मुळा अडवून तिचे पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली, भिऱ्याच्या जनित्रांवर सोडण्याचे ठरले. मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे यांना विजेची गरज होती. तिची किंमत मुळशी पेट्यातील पन्नासहून अधिक गावांनी मोजली. आंबेमोहोर भात पिकवणारी त्यांची खाचरे पाण्याखाली जाणार होती.

त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रहाला आरंभ झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट या लढ्याच्या आघाडीवर होते. बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने दिली. मावळे शेतकरी आणि पुण्याचे कार्यकर्ते यांनी तुरुंगवास पत्करला. तरीही १९२४ च्या अखेरीस बापटांना अटक झाल्यावर लढा मोडला आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. धरणासाठी विस्थापित होणाऱ्यांनी केलेल्या जगातील अगदी आरंभीच्या संघटित लढ्यांत मुळशीची गणना होते. पुण्यात या लढ्याची जितकी आठवण जपली जायला हवी, तितकी जपली जात नाही, याची खंत वाटते.

भोवतालच्या रानालाही माणसांच्या निर्णयांचा इतिहास आहे. जुन्या गावांनी देवाच्या नावाने राखलेल्या देवरायांमुळे मुळशी-मावळ परिसरात मूळ जंगलाचे तुकडे टिकून राहिले. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या पुण्यातील अभ्यासकांनी अशा रायांचा शास्त्रीय अभ्यास केला. ताम्हिणीच्या सुमारे ५० चौरस किलोमीटर क्षेत्राला २०१३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. उंच झाडांच्या शेंड्यांवर घरटी बांधणारा शेकरू तेथे आढळतो. त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी फांद्यांचे सलग छत लागते, म्हणून रस्ते आणि बंगल्यांसाठी होणारी थोडीशी तोडही त्याच्या दृष्टीने मोठी ठरते. देवकुंडाच्या डोहात अनेकांनी जीव गमावल्यामुळे पावसाळ्यात प्रशासन तेथे वारंवार प्रवेशबंदी लागू करते. माथ्यावर जोराची सर आली की डोहाची पातळी झपाट्याने चढते, हे लक्षात घेता ही बंदी योग्यच आहे.

भिऱ्यातून बाहेर पडणारे मुळेचे पाणी आज कुंडलिकेला मिळते आणि कोलाडचे राफ्टिंग त्याच विसर्गावर चालते. दुसरीकडे, वाढत्या पुण्याची तहान भागवण्यासाठी मुळशी धरणाचे पाणी पुन्हा पूर्वेकडे द्यावे, ही मागणी अनेक वर्षे होत आहे.