नारळी पौर्णिमा (मुंबईचे कोळीवाडे)

श्रावणातली पौर्णिमा म्हणजे बाकी मुंबईसाठी राखी, पण वरळी, माहीम, वर्सोवा, मढच्या कोळीवाड्यात विचाराल तर ती नारळी पुनव, दर्याला सोन्याचा नारळ द्यायचा दिवस. सोन्याचा म्हणजे साध्याच नारळाला सोनेरी कागद लावलेला, पण मान खऱ्या सोन्याचा.

मुळात हा सण म्हणजे मासेमारीचं कॅलेंडरच आहे. ज्येष्ठ-आषाढात नैऋत्येचा वारा दर्या खवळवून टाकतो, त्यात मासळी अंडी घालायचा हाच सीझन, म्हणून होड्या वर ओढून ठेवायच्या आणि घरात बसून फाटकी जाळी नीट करायची, मग श्रावणात वारा पडायला लागला की पुनवेला दर्याची पूजा करून होडी पाण्यात. आता सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते, तीही यांत्रिक बोटींना, आणि तिथी तर दरवर्षी पुढेमागे होते. २०२३ला अधिक श्रावण आला आणि पुनव पडली थेट ३० ऑगस्टला, २०२५ला ९ ऑगस्टला. म्हणजे ट्रॉलर आधीच जाऊन येतात आणि नारळ मागाहून! जुन्या लोकांना हे पटत नाही, आणि मला तरी त्यांचंच बरोबर वाटतं.

संध्याकाळी मिरवणूक निघते, बँड, पालखीत नारळ, बायका ठेवणीतली लुगडी नेसून, अंगावर असेल नसेल तेवढं सोनं, केसात वेणी. पुनवेची मोठी भरती मुंबईत दुपारी बारा-एकला येऊन गेलेली असते त्यामुळे मिरवणूक पोचेपर्यंत बऱ्याचदा ओहोटी, मग चिखल तुडवत पाण्यापर्यंत जायचं, नारळ सोडायचा, आणि मागून पोरं उड्या मारून लोकांनी सोडलेले बाकीचे नारळ पकडणार.

घरी नारळीभात (गूळ, खोवलेलं खोबरं, दोन लवंगा) आणि करंज्या.

कुठे कुठे नारळफोडीही रंगते. दोघांनी हातात नारळ घट्ट धरायचा, एकाने दुसऱ्याच्या नारळावर आपला आपटायचा, ज्याचा फुटला तो हरला आणि त्याचा नारळही गेला. म्हणून दुकानात लोक नारळ कानाशी धरून टकटक वाजवत बसतात, जाड करवंटीचा मिळेपर्यंत दुकानदाराला सोडत नाहीत.