बेरियम झिर्कोनेटची मूस

यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड (वायबीसीओ) या अतिसंवाहकाचे (पुरेशा थंडीत विजेला अजिबात रोध न करणाऱ्या पदार्थाचे) अतिशुद्ध स्फटिक वाढवण्यासाठी वापरली जाणारी मूस, म्हणजे रस वितळवण्याचे भांडे. १९८७ मध्ये जाहीर झालेले हे संयुग सुमारे ९३ केल्व्हिनखाली अतिसंवाहक होते, म्हणजे द्रव नायट्रोजनची थंडी त्याला पुरते.

स्फटिकांसाठी बेरियम आणि कॉपर ऑक्साइडांच्या रसात थोडे यिट्रियम ऑक्साइड विरघळवून तो साधारण १,००० अंश सेल्सियसपासून अगदी सावकाश, तासाला एखाद्या अंशाने, निववतात. अडचण या रसाचीच. तो विलक्षण खादाड असतो; प्लॅटिनमलाही सोडत नाही. ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) मुशीतले ॲल्युमिनियम किंवा सोन्याच्या मुशीतले सोने स्फटिकात शिरते आणि नेमकी त्याच्या रचनेतल्या तांबे-ऑक्सिजन अणूंच्या साखळ्यांतल्या तांब्याची जागा बळकावते. झिर्कोनियाची (झिर्कोनियम ऑक्साइडची) मूस त्या मानाने बरी, कारण झिर्कोनियम स्फटिकात फारसे घुसत नाही. मात्र तिच्या भिंतीशी बेरियमचा संयोग होऊन बेरियम झिर्कोनेटचे कण सुटतात. रस दाट होतो, त्याचे प्रमाण बिघडते आणि वाढ अर्ध्यावर थांबवावी लागते.

जिनिव्हा विद्यापीठातील एर्ब, वॉकर व फ्ल्युकिगर यांनी १९९५ मध्ये हा गाळच, म्हणजे बेरियम झिर्कोनेट, मुशीसाठी वापरला. ज्या क्रियेतून बेरियम झिर्कोनेट तयार होते ती अशा मुशीत आधीच पुरी झालेली असते, त्यामुळे रसाला खायला काही उरत नाही. कल्पना सोपी, खरे कसब मूस घडवण्यात आहे. चूर्ण शुद्ध नसेल किंवा भाजणीत छिद्रे राहिली, तर कणांच्या सांध्यांतून रस आत झिरपतो आणि मूस फुटते.

वाढ संपली की उरलेला रस गरम असतानाच ओतून देतात. मागे काळ्या, आरशासारख्या चकाकणाऱ्या, काही मिलिमीटरच्या पातळ चकत्या उरतात. व्हँकूवरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात लिआंग, बॉन व हार्डी यांनी १९९८ मध्ये अशा स्फटिकांची शुद्धता ९९.९९ ते ९९.९९५ टक्के असल्याचे दाखवले.

पुढचे काम ऑक्सिजनचे. स्फटिक ठरावीक तापमानाला ऑक्सिजनमध्ये दिवसचे दिवस ठेवून त्यातले ऑक्सिजनचे प्रमाण नेमके करतात. साखळ्यांत परके अणू नसले तरच एक ऑक्सिजनने भरलेली, एक रिकामी अशी त्यांची शिस्तीत मांडणी लांबवर टिकते. २००७ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे ६२ टेस्लापर्यंतच्या चुंबकक्षेत्रात अशाच व्हँकूवरच्या स्फटिकांच्या विद्युतरोधात पुंज-आंदोलने, म्हणजे चुंबकक्षेत्र बदलताना होणारे नियमित चढउतार, दिसली.