फ्लॉरेन्सला सोमवारी पोचू नका (पोचायचंच असेल तर आधी आम्हाला विचारा)

आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसमधून इटलीला जाणाऱ्या सगळ्यांसाठी हे माहितीपत्रक. व्हिसा, विमान, हॉटेल वगैरे तुम्हाला माहितीच आहे, आजकाल सगळे मोबाईलवरच बघून येतात, त्यामुळे ते परत सांगत बसत नाही. हे लिहायचं कारण एकच. एकच चूक दर सीझनला होते, आणि प्रत्येकाला फोनवर अर्धा-अर्धा तास तेच समजावून सांगावं लागतं. म्हटलं एकदा लिहून काढू, व्हॉट्सअपवर पाठवता पण येईल.

चूक अशी. फ्लॉरेन्समधली दोन मोठी म्युझियम, उफीझी आणि अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद असतात. मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा अकादेमियात, बोत्तिचेल्लीचं व्हीनसचं चित्र उफीझीत. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी माणूस फ्लॉरेन्सला जातो त्या दोन्ही सोमवारी कुलपात. आणि आमच्याकडे दुसरीकडून बुकिंग करून मग "जरा बघा हो प्लॅन" म्हणून येणाऱ्यांमधले निम्मे लोक नेमके सोमवारीच तिथे पोचत असतात.

सोमवारच का, याचा मी पण विचार केला, तर उत्तर सोपं आहे. रजा वाचवायची म्हणून आपण शुक्रवारी रात्री मुंबईहून निघतो. शनिवारी दुपारी रोम. शनिवार-रविवार दोन रात्री रोमला, सोमवारी सकाळी ट्रेन पकडून फ्लॉरेन्स, एक रात्र मुक्काम, मंगळवारी व्हेनिस. नेटवर शोधलं तरी हाच क्रम येतो, मेहुण्याने मागच्या वर्षी केलेला प्लॅन असाच असतो, आणि व्हिसाच्या फाइलला दिवसवार कार्यक्रम जोडावा लागतो तेव्हा कुणीतरी हाच छापून लावतो आणि मग तोच पुढे खरा धरून हॉटेलं बुक होतात. वर आणखी गंमत म्हणजे व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर, आणि त्या दिवशी फुकट असल्यामुळे रांग बघूनच माणूस परत फिरतो). म्हणजे शनिवारी झोप पूर्ण नाही, रविवारी व्हॅटिकन म्युझियम बंद, सोमवारी डेव्हिड बंद. पैसे पूर्ण भरलेत, रजा पण टाकलीय, आणि तीन दिवसांत सगळं बाहेरून बघितलं.

मी स्वतः पहिल्यांदा गेलो तेव्हा हेच केलं होतं, म्हणून दुसऱ्याला हसत नाही. सकाळी साडेनऊला अकादेमियाच्या दारात उभा. मला वाटलं वा, रांगच नाही, आपलं नशीब जोरात आहे. दाराला लावलेल्या कागदावरचं इटालियन काही कळेना, शेजारी एक कोरियन जोडपं तोच कागद बघत होतं, त्यांनी मोबाईलवर भाषांतर करून माझ्यापुढे धरलं. मग तिघंही गुपचूप पियाझ्झा देला सिन्योरिया या चौकात गेलो आणि तिथल्या डेव्हिडबरोबर फोटो काढले. तो डेव्हिड नक्कल आहे. खरा १८७३ साली उन्हापावसापासून वाचवायला अकादेमियात हलवला आणि चौकात ही नक्कल १९१० साली उभी केली. घरी आल्यावर मी कुणाला सांगितलं नाही, फोटोत कळतही नाही. पण खरा बघितल्यावर कळतं. ५.१७ मीटरचा आहे, एका संगमरवरी ठोकळ्यातून काढलेला, आणि उजव्या हाताच्या फुगलेल्या शिरा खाली उभं राहून दिसतात. लांबच्या लांब हॉलच्या टोकाला उभा आहे तो, आत शिरलं की बोलणं आपोआप बंद होतं.

तर यावर उपाय काय. सगळ्यात सोपा म्हणजे रोमला तीन रात्री घ्या. सोमवारी व्हॅटिकन म्युझियम करा, गर्दी असते पण उघडं असतं, मंगळवारी सकाळी फ्लॉरेन्स. रोमहून फास्ट ट्रेनने दीड तास लागतो. दुसरा उपाय क्रमच उलटा करायचा, व्हेनिसला उतरायचं आणि रोमहून परत निघायचं, म्हणजे सोमवार व्हेनिसमध्ये जातो आणि तिथला डोजचा (म्हणजे व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखाचा) महाल सोमवारी चालू असतो. उतरायचं एअरपोर्ट वेगळं आणि निघायचं वेगळं घेतलं की खूप महाग पडतं असा एक समज आहे, बऱ्याचदा फार फरक पडत नाही, आणि पहिल्या गावाला परत यायच्या ट्रेनचा खर्च वाचतो तो वेगळाच. आम्हाला तारखा सांगा, दोन्ही भाव काढून देतो.

आणि तिकीट काढून झालंय, आता काही बदलत नाही, असं असेल तर सोमवार रडत घालवू नका. त्या दिवशी पलाझ्झो वेक्कियो, म्हणजे जुना नगरमहाल, उघडा असतो. कॅथेड्रलचा घुमट चढता येतो. सांता क्रोचे चर्च उघडं असतं, तिथे मायकेलअँजेलो, गॅलिलिओ आणि मॅकियाव्हेली तिघांच्या कबरी एका छपराखाली आहेत. गॅलिलिओचं बोट बघायचं असेल तर (हो, खरंखुरं बोट, काचेत ठेवलंय) गॅलिलिओ म्युझियम सोमवारी चालू असतं, पोरांना हे डेव्हिडपेक्षा जास्त आवडतं असा माझा अनुभव आहे. नाहीतर सरळ पिसा करून या, साधारण तासाभराची ट्रेन आहे. फक्त मनोऱ्यावर ८ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, तिथे जाऊन भांडून उपयोग होत नाही.

रविवारबद्दल पण एक सांगून ठेवतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम फुकट असतात. फुकट ऐकून लोक खूश होतात, पण त्या दिवशी अख्खं गाव रांगेत असतं. दोन माणसांची तिकिटं वाचवायला लाखभर रुपयांच्या ट्रिपमधली अख्खी सकाळ घालवायची का ते तुम्ही ठरवा. रविवारी मुख्य कॅथेड्रल आतून बघायला पर्यटकांना बंद असतं, प्रार्थना चालू असते. आणि १५ ऑगस्टला जोडून सुट्टी घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्यांच्याकडे पण त्या दिवशी मोठी सुट्टी असते, फेर्रागोस्तो म्हणतात, त्या आठवड्यात बरीच छोटी हॉटेलं आणि दुकानं शटर ओढून गावाला गेलेली असतात.

आता तिकिटांचं. "तिथे जाऊन काढू की" हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. कॅथेड्रलमध्ये जायला पैसे नाहीत, पण वरच्या घुमटावर चढायला तारीख आणि वेळ ठरवूनच बुकिंग करावं लागतं, आणि एकदा वेळ घेतली की बदलून मिळत नाही. सीझनला हे स्लॉट आधीच संपतात. म्हणूनच आम्ही म्युझियमचे पैसे आधी पूर्ण घेतो आणि रिफंड नाही म्हणतो. यावरून काहीजण नाराज होतात, "हॉटेल फ्री कॅन्सलेशन देतं, तुम्ही का नाही" म्हणून. अहो, ते पैसे आमच्याकडे राहतच नाहीत, बुकिंग केलं त्याच क्षणी पुढे गेलेले असतात. तिकिटाची मूळ किंमत आणि आमचा सर्व्हिस चार्ज आम्ही बिलात वेगवेगळा लिहून देतो, हवं तर ताडून बघा. स्वतः बुक करायचं असेल तर जरूर करा, फक्त म्युझियमच्या अधिकृत साइटवरूनच करा, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या बऱ्याच साइट फिरतात आणि तेच तिकीट दुप्पट भावाने गळ्यात मारतात.

पासपोर्टवरची नावं आम्ही स्पेलिंगसकट मागतो त्याचंही कारण आहे. रोमच्या कोलोसियमचं तिकीट नावावर निघतं आणि गेटवर पासपोर्ट बघतात. "घरात सगळे बंड्याच म्हणतात" हे तिथे चालत नाही.

मुलांसाठी चांगली बातमी, उफीझी आणि अकादेमियात १८ वर्षांखालच्यांना तिकीट नाही, आपल्या मुलांनाही नाही, फक्त रिझर्वेशनची फी पडते आणि वय दाखवायला पासपोर्ट जवळ ठेवायचा. आजी-आजोबांसाठी मात्र सीनियर सिटिझन सवलत नाही. हे दोनदा लिहितोय कारण दोनदा विचारलं जातं: नाही.

घुमटाबद्दल गुडघेवाल्यांनी नीट वाचा. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि जिना अरुंद. अर्ध्यात वाटलं तर वळायला जागा नाही, मागून लोक येत असतात. पण ज्यांना जमेल त्यांनी सोडू नका. १४२० ते १४३६ या काळात ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुकाराने खालून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता हा एवढा मोठा विटांचा घुमट बांधला, दोन कवचं एकात एक, आणि तुम्ही चढता ते त्या दोन कवचांच्या मधून. भिंत डोक्यावर कलत जाते, विटा आडव्या-उभ्या गुंफलेल्या दिसतात, हात लावावासा वाटतो. ज्यांना जमणार नाही त्यांनी संध्याकाळी बसने पियाझ्झाले मायकेलअँजेलोला जावं, तिथून तोच घुमट सगळ्या गावासकट समोर दिसतो, गुडघ्याला त्रास नाही आणि पैसेही नाहीत.

"फ्लॉरेन्स रोमहून एका दिवसात करता का?" करतो, पण मनापासून नाही. त्या गावात एवढं सगळं एकाच जागी राहिलंय त्याला एक बाई कारण आहे. फ्लॉरेन्सवर राज्य केलेल्या मेदिची घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुईझा हिने १७३७ साली करार करून ठेवला की घराण्याचा संग्रह फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये. तिने ते सांभाळून ठेवलं आणि आपण पाच तासांत उरकून संध्याकाळची गाडी पकडायची? दोन रात्री तरी ठेवा.

आता आपल्या कोल्हापूरच्या लोकांचा दुसरा नेहमीचा प्रश्न, राजाराम महाराजांची छत्री. आमच्याकडून जाणारे जवळजवळ सगळेच विचारतात आणि जवळजवळ सगळेच त्याला अर्धा तास ठेवतात. अर्ध्या तासात होत नाही. छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले, वय अवघं विशीचं. तिकडे तेव्हा दहनाची पद्धत नव्हती, खास परवानगी घेऊन आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर रात्री अंत्यसंस्कार केले. त्याच जागी १८७४ ला हे स्मारक झालं, वर छत्री आणि खाली फेटा बांधलेला महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. आराखडा मेजर मँटचा, म्हणजे आपल्या इथला न्यू पॅलेस ज्याने काढला तोच. स्मारकाजवळच्या मोठ्या पुलाला पण तिथले लोक 'इंडियानो'चाच, म्हणजे भारतीयाचा, पूल म्हणतात.

जागा कुठे, तर काशिने नावाच्या बागेच्या पार पश्चिम टोकाला. लोक ट्राम घेतात, काशिने स्टॉपला उतरतात आणि "आलोच की" म्हणून चालायला लागतात. बाग तीन किलोमीटरहून लांब आहे आणि स्टॉप बरोब्बर उलट्या टोकाला. उन्हाळ्यात, आईला घेऊन, पाण्याची बाटली नसताना, हे चालणं काय होतं ते आम्हाला फोनवर ऐकायला मिळालेलं आहे. तरुणांनी सायकल भाड्याने घ्यावी, बाकीच्यांनी टॅक्सी करावी आणि तिलाच थांबवून ठेवावं, परतीची टॅक्सी तिथे सहज मिळत नाही. दोन तास धरा. आमच्या पॅकेजमध्ये ही टॅक्सी धरलेली असते, दुसरीकडच्या पॅकेजमध्ये ही जागाच नसते, त्यांचा दोष नाही, त्यांना माहीत असायचं कारण नाही.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगतो. स्टेशनवर बोर्डावर 'फ्लॉरेन्स' शोधू नका, तिकडे फिरेंझे लिहितात, आणि उतरायचं ते सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनला, काही गाड्या मध्यवस्तीपासून लांबच्या दुसऱ्या स्टेशनला पण थांबतात. लोकल गाडीचं कागदी तिकीट काढलं असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड. भाड्याच्या गाडीने जुन्या गावात शिरू नका, कॅमेरे आहेत, दंडाचं पत्र कोल्हापूरपर्यंत येतं. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत, ओढणी जवळ असली की काम भागतं. ब्रेडला मीठ नसतं, तो खराब नाही, तिथली पद्धतच तशी. शाकाहाऱ्यांनी रिबोल्लिता मागवावं, शिळा ब्रेड आणि भाज्या घालून केलेलं दाट सूप, आपल्या फोडणीच्या पोळीचं लांबचं नातेवाईक समजा. मात्र पार्मिझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायचं विरजण) असतं, कडक पाळणाऱ्यांनी आधी सांगा, जैन मंडळींसाठी आम्ही अपार्टमेंट बघून देतो म्हणजे स्वयंपाक करता येतो.

तर विमानाचं तिकीट काढायच्या आधी (नंतर नाही, आधी) तुमचा तारखांचा कच्चा प्लॅन आम्हाला व्हॉट्सअप करा. वार सकट लिहा, नुसत्या तारखा नकोत. एकदा बघून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही, बुकिंग आमच्याकडे करा किंवा करू नका. माणसं किती, मुलांची वयं, कुणाचे गुडघे, कुणाचं खाणं, छत्री बघायची का, एवढं त्यातच लिहा म्हणजे चार फोन वाचतील. दुसऱ्या दिवशीपर्यंत उत्तर देतो. ऑफिस सकाळी १० ते संध्याकाळी ७. सोमवारी पण उघडं असतं.