डिस्क ‘नाही’ म्हणते तेव्हा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यांत सुताचा साठा, तयार माल, कामगारांचा पगार हे सगळं आता कॉम्प्युटरवर असतं. त्यातल्या कित्येक मशीनची डिस्क जुनी, यूपीएसची बॅटरी थकलेली आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार. इथे चालणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने डिस्कवरचं लिखाण फसणार हे धरूनच चालायला हवं. ते फसल्यावर काय करायचं, हे मात्र मोठमोठ्या डेटाबेसनाही फार उशिरा कळलं.

युनिक्स आणि तिच्या वळणाच्या लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टीमचा रिवाज साधा आहे. सिस्टीम कॉल, म्हणजे प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टीमकडे केलेली मागणी, फसला की उणे एक परत येतो आणि कारण ‘एर्नो’ या व्हेरिएबलमध्ये मिळतं: जागा संपली तर ईएनओएसपीसी, डिस्कनेच दगा दिला तर ईआयओ. पण परत आलेलं उत्तर तपासायची सी भाषेत सक्ती नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये लिनक्स 2.6 च्या फाइल सिस्टीम आणि स्टोरेज ड्रायव्हर तपासले, तेव्हा 1153 ठिकाणी, म्हणजे सुमारे 13 टक्के कॉलमध्ये, एरर कोड हाताळला न जाता वाटेतच हरवत होता. डिस्क खरं सांगत होती, वरचा कोड ऐकत नव्हता.

त्याहून अवघड प्रश्न एफसिंकचा. ‘राइट’ यशस्वी झाला तरी मजकूर आधी कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, पेज कॅशमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) पानापानांनी थांबतो. तो डिस्कवर पोचल्याची खात्री एफसिंक हा कॉल देतो. मग एफसिंकच फसला तर? पुन्हा करून बघावा, हे कुणालाही सुचेल. पोस्टग्रेस हा डेटाबेस वर्षानुवर्षं तेच करत होता. 2018 च्या मार्चमध्ये क्रेग रिंगर यांनी त्यातला धोका पोस्टग्रेसच्या डेव्हलपरांपुढे मांडला. लिखाण फसल्यावर लिनक्स पेज कॅशमधलं ते पान ‘स्वच्छ’ ठरवतो, म्हणजे त्याच्या लेखी लिहायचं काही उरलेलंच नसतं. म्हणून दुसरा एफसिंक यशस्वी होतो. पोस्टग्रेस तेवढ्यावर चेकपॉइंट, म्हणजे तोवरचे सगळे बदल डिस्कवर पोचल्याचा टप्पा, पूर्ण झाला असं मानायचा आणि बदलांच्या ज्या लॉगमधून नोंद परत मिळाली असती तो लॉगही निकालात काढायचा. पगाराची नोंद अशी गेली तर कुठेही लाल अक्षरात काही दिसत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

फेब्रुवारी 2019 च्या अपडेटपासून पोस्टग्रेस एफसिंक फसला की पॅनिक करतो: सर्व्हर थांबतो आणि लॉगवरून माहिती पुन्हा उभी करतो. अनेकांना हे अघोरी वाटलं. माझ्या मते तेच बरोबर आहे, कारण मेमरीतल्या पानावर विश्वास ठेवायला त्या क्षणी काही आधारच उरत नाही.

तरीही प्रश्न मिटला नाही. विस्कॉन्सिनच्याच संशोधकांनी 2020 मध्ये रेडिस, एलएमडीबी, लेव्हलडीबी, एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस या माहिती साठवणाऱ्या पाच सॉफ्टवेअरना एक्स्ट4, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टीमवर मुद्दाम एफसिंकच्या चुका देऊन पाहिलं. कुणाचाच उपाय पुरेसा निघाला नाही. प्रोग्राम बंद करून पुन्हा उठवला, तरी एक्स्ट4 वर तो डिस्कवर कधी न पोचलेलं पान पेज कॅशमधून वाचतो आणि खरं मानतो.

जागा संपण्याचं प्रकरण त्यामानाने सोपं. ‘राइट’नेच ईएनओएसपीसी दिला तर नवी नोंद नाकारावी, ऑपरेटरला स्पष्ट सांगावं, आणि जागा मोकळी झाल्यावर तीच नोंद पुन्हा लिहावी. ईआयओ आल्यावर मात्र लिहिणं थांबवून लॉगकडे किंवा बॅकअपकडे वळावं, आणि तो बॅकअप दुसऱ्या डिस्कवर असावा.